पाटावरचा उजवा पाय

आमच्या बहादरपुरात बर्फ दोनच वेळा दिसतो. लग्नात सरबताच्या पिंपात, आणि उन्हाळ्यात कुणी गेलं नि त्याचा मुलगा दुरून यायचा असला, तर त्या गेलेल्याच्या दोन्ही बाजूंना. अशा गावच्या माणसाने बावीस हिवाळे बर्फावर घसरणाऱ्या लोकांचे पाय फळीला बांधून देण्यात घालवले, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "पण काम काय करायचे तुम्ही?" हेच काम करायचो. यंदा ओळखीच्या एका गृहस्थांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं. म्हणाले, गमतीदार धंदा आहे, वाचणाऱ्यांना आवडेल. गमतीदार आहे तेवढं आधी सांगून टाकतो.

माझं शेजारच्या बुऱ्हाणपुरात शनवारा भागात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्रा, एक हवेचा पंप आणि पाण्याची घमेली. मोटारसायकली वाढल्या तशी घमेली कोरडी पडू लागली. आमच्याकडची केळी ट्रक भरभरून उत्तरेला जातात. एका ट्रकवाल्या मित्राचा जोडीदार आजारी पडला, म्हणून मी त्याच्याबरोबर दिल्लीला गेलो, दिल्लीहून माल पुढे मनालीला निघाला, आणि कुल्लूच्या वर मनालीच्या वाटेवर बर्फात आमचा ट्रक चार दिवस अडकला. केळी काळी पडली. मी वेळ जावा म्हणून शेजारच्या एका दुकानासमोर उभा राहून तिथल्या म्हाताऱ्याची खटपट पाहत होतो. तो स्कीचे स्क्रू पिळत होता आणि चुकीचे पिळत होता. एक पूर्ण आवळायचा, मग दुसरा. मी म्हटलं, असं नाही, चारही थोडे थोडे, समोरासमोरचे, सायकलच्या चाकाच्या तारा आवळतात तसे. म्हाताऱ्याने पेचकस माझ्या हातात दिला.

त्याचं नाव दौलतराम. मी त्याला उस्ताद म्हणायचो. तो म्हणाला, "पेचकस पकड़ना आता है, बाकी ठंड सहना सीख जाएगा." पेचकस धरता येत होता हे खरं. थंडी सोसायला मी शेवटपर्यंत शिकलो नाही. मार्गशीर्ष लागला की मनालीच्या वर सोलंगच्या उतारावर उस्ताद दुकान लावायचा, तिथे मी जायचो आणि होळीला घरी परतायचो. घरी दोन एकर केळी, बायको मंगला आणि मुलगी पूनम. पहिल्यांदा गेलो तेव्हा पूनम दीड वर्षाची होती.

आता काम काय ते. सुरुवातीला सगळ्या स्कीच असायच्या, म्हणजे दोन पायांना दोन पट्ट्या. मग हळूहळू स्नोबोर्ड आले. ही एकच रुंद फळी. तिच्यावर माणूस समोर तोंड करून उभा राहत नाही, आडवा उभा राहतो, एक पाय पुढे आणि एक मागे, आणि खांद्यावरून पुढे पाहतो. प्रत्येक पायासाठी फळीवर एक खोगीर बसवलेलं असतं, त्याला बाइंडिंग म्हणतात. खाली चकती, चकतीत चार स्क्रू, पाठीमागे पोटरीला टेकायला उभी पाठ, आणि वरून बुटावर येणारे दोन पट्टे. पट्टा दातेरी असतो, कर्र कर्र करत आवळत जातो.

नवख्या माणसाचं बाइंडिंग बसवायचं म्हणजे चार गोष्टी पाहायच्या. दोन पायांत अंतर किती, तर त्याच्या टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत जितकं, साधारण तितकं. पावलं कशी वळवायची, तर पुढचं थोडं पुढच्या दिशेला, मागचं जवळजवळ सरळ आडवं. बूट फळीच्या मधोमध आला पाहिजे, टाच आणि बोटं दोन्हीकडे सारखी, नाहीतर जास्त बाहेर आलेली बाजू बर्फात रुतून माणूस तोंडावर आपटतो. आणि पट्टा आवळायच्या आधी टाच मागे दाबून बसवायची. लोक पट्टा आधी आवळतात आणि टाच वर राहते. हे सगळं मला महिन्याभरात आलं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. स्कीचं बाइंडिंग माणूस पडला की आपोआप सुटतं. स्नोबोर्डचं सुटत नाही. पाय फळीलाच राहतो, फळी जिकडे जाईल तिकडे जातो. त्यामुळे पाचवी गोष्ट सगळ्यात आधी पाहायची असते. कोणता पाय पुढे?

नवख्या माणसाला हे विचारून उपयोग नसतो, कारण त्याला ते माहीत नसतं. तुम्हालाही तुमचं माहीत नसेल. हाताचं आपल्याला ठाऊक असतं, पायाचं कुणी विचारत नाही. बहुतेकांचा डावा पुढे असतो. त्याला उस्ताद म्हणायचा सीधा. काहींचा उजवा पुढे, तो उल्टा. डाव्या भिंतीला सगळ्या सीध्या फळ्या टेकवलेल्या आणि उजव्या भिंतीला पाच-सहा उल्ट्या. आमच्या घरात नेमकं वेगळं शिकवतात. उंबऱ्यावर, देवळात, नव्या घरात, पाटावर, जिथे काही शुभ आहे तिथे उजवा पाय आधी. पण त्याचा नि फळीचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

कोणता पाय पुढे हे कळायला उस्तादची एकच परीक्षा होती, धक्का. माणूस बोलण्यात गुंतला की मागून दोन्ही खांद्यांवर हलकेच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो तो त्याचा पुढचा पाय. अट एकच, माणसाला आधी कळता कामा नये. कळलं की तो विचार करतो, आणि विचार करून टाकलेला पाय खोटा असतो. हे उस्तादने मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं.

धक्क्याच्या पायी मी एकदा मारही खाल्ला. पोलिसातले एक साहेब सहकुटुंब आले होते. ते काउंटरवर वाकून हातमोजे पाहत होते आणि मी मागून ढकललं. दुसऱ्या क्षणी माझा हात माझ्या पाठीवर पिरगाळलेला आणि माझं नाक काउंटरवर. त्यांच्या बायकोने डोळे झाकून घेतले. उस्ताद जागचा हलला नाही. चहा ओतता ओतता म्हणाला, "साहब, बायाँ पैर आगे. बोर्ड नंबर चौदह." साहेबांना समजावून सांगितल्यावर ते इतके हसले की दुपारी मला जेवायला बोलावलं. चौदा नंबरवर छान शिकले. खांदा मात्र आठवडाभर दुखला माझा.

पुरुषांना मी ढकलायचो. बायकांचं काय करायचं? दुकानात निम्मी गिऱ्हाइकं नवी लग्नं झालेली जोडपी. हातात कोपरापर्यंत लाल चुडा, वर भाड्याचा जाडजूड कोट, आणि शेजारी नवरा. परक्याच्या बायकोला मागून हात लावायचा, तोही न सांगता? उस्ताद पांढऱ्या दाढीचा, त्याला चालून जायचं. माझ्याच्याने होईना. मी बहादरपूरचा माणूस. आमच्याकडे वहिनीशी बोलायचं तर खालमानेनं.

म्हणून मी माझी तोड काढली. मंगलाने मला जेवायला बसायला घरचा पाट दिला होता. सागवानी, पितळी फुल्या ठोकलेला, आमच्या लग्नातला. दुकानातली फरशी इतकी गार की त्याच्यावाचून बसवत नसे. तो पाट मी बायकांसमोर ठेवायचो आणि म्हणायचो, "चढ़िए." जो पाय आधी वर ठेवतील तो पुढचा. हात लावायला नको, लाजायला नको. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं तेव्हा. उस्ताद पाटाकडे पाहून एवढंच म्हणाला, "ये तो पूजा का पटरा है."

आणि मग नवऱ्या मुली सगळ्या उल्ट्या निघू लागल्या. उजव्या भिंतीच्या पाच-सहा फळ्या पुरेनात. मी आणखी फळ्यांची बाइंडिंगं फिरवून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, लग्न झालं की बाई उल्टी होते, शास्त्र आहे. लोक हसायचे. मीही हसायचो.

एक मुलगी होती इंदूरकडची. पाटावर उजवा पाय ठेवून चढली, मी उजव्या भिंतीची फळी दिली. अर्ध्या तासाने ती फळी ओढत परत आली, गाल लाल, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "अंकल, मुझसे नहीं होगा. सब उल्टा-उल्टा लग रहा है." मी उगीच तिची समजूत म्हणून बाइंडिंग फिरवून डावा पाय पुढे केला. ती गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही, उतारावर हसत घसरत होती. फळी परत करताना मी विचारलं, मग पाटावर उजवा का ठेवलात? तिने माझ्याकडे असं पाहिलं की हा माणूस हिंदू आहे की नाही. "पाट पर तो दाहिना पैर ही रखते हैं ना, अंकल."

मी ही गोष्ट गंमत म्हणून उस्तादला सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "हँस मत. पटरा हटा दे. तू पैर नहीं पूछ रहा, संस्कार पूछ रहा है." मी हो म्हटलं. दोन दिवस पाट आत ठेवला. तिसऱ्या दिवशी चुडेवाली आली आणि मी पाट बाहेर काढला. चुकलं तर परत येतील, फिरवून देऊ, असा हिशेब. बऱ्याच परत यायच्या. ज्या परत येत नव्हत्या त्या बर्फाला कंटाळून हॉटेलात जाऊन बसत असतील. मी कधी शोध घेतला नाही.

उस्ताद वारला. दुकान त्याच्या पुतण्याकडे गेलं आणि बाइंडिंगचं काम पूर्ण माझ्याकडे आलं. लोक विचारत यायचे, "वो मराठी वाले चाचा कहाँ हैं?" मान होता. मी स्वतः मात्र एकदाही फळीवर चढलो नाही. भीती म्हणा. लोकांना वाटायचं चाचा रात्रीचे घसरत असतील.

इथपर्यंतचं गमतीचं झालं.

पूनम मोठी झाली ती मला उन्हाळ्या-पावसाळ्यात दिसली. हिवाळ्यातली पूनम मी फोनवर ऐकली. शाळेचं स्नेहसंमेलन, तिची पहिली मोठी आजारपणं, सायकल शिकली ती, सगळं हिवाळ्यात. सायकलवाल्याच्या मुलीला सायकल दुसऱ्याने शिकवली. होळीला घरी आलो की ती नव्या उंचीची असायची आणि आठ दिवस माझ्याशी जपून बोलायची.

तिला जंगलात नोकरी करायची होती. वनरक्षक. खकनारकडे जंगलाला लागून असलेल्या मामाच्या गावी जायची तेव्हापासून हे डोक्यात. आम्ही म्हणायचो बँकेचं बघ, मास्तरकीचं बघ. ती म्हणायची, "मले खुर्ची नको बाबा, मले झाडं पाहिजे." दोनदा लेखी परीक्षेत राहिली. तिसऱ्यांदा पास झाली. आता फक्त पायी चालायची परीक्षा उरली होती, ठरल्या वेळात ठरलेलं अंतर तोडायचं. त्यासाठी ती वर्षभर रोज सकाळी बहादरपुराहून तापीपर्यंत झपाझपा चालत जायची आणि यायची. मंगला सांगायची की केळीच्या बागांतले मजूर तिच्यावरून वेळ ओळखतात. भरती पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता, ही संधी शेवटचीच समजायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मध्ये तिचं लग्न झालं. जावई नितीन कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला, महाराष्ट्रातून आलेल्या घरचा, विजेचं काम करतो. भला मुलगा. लग्नाआधीच त्याने सांगितलं होतं, "पूनम जंगलात जाईन तं मी पण खकनारले खोली घेईन." लग्न झालं आणि मी लगेच सोलंगला परत गेलो. पौषात दोघं फिरायला मनालीला आली. जागा पूनमने निवडली होती. दुकानाच्या दारात उभी राहून ती सगळीकडे पाहत होती. भिंतीला टेकलेल्या फळ्या, माझा पेचकस, शेगडी, पाट.

"हे तं आपल्या घरचं हाय," पाटाकडे पाहून ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, इतके वर्ष तुम्ही इथं काय करत होते ते पाहू द्या आता मले."

मला भरून आलं. ज्या कामापायी मी तिचं लहानपण पाहिलं नाही ते काम तिला दाखवायचं होतं. तिच्या पायाचा बूट मी स्वतः निवडला, माझ्या हाताने लेस बांधली. ती थोडी बिचकत होती.

"बाबा, महिन्यानं माझी चालायची परीक्षा हाय. पायाले काही झालं तं?"

"एकवीस वर्षं झाली," मी म्हटलं. "माझ्या हातची फळी हाय. तुले काही होत नाही."

नितीन म्हणाला, "सासरेबुवा, राहू द्या ना, ती नुसती बर्फ पाहीन." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तिला मी ढकलू शकलो असतो. माझीच मुलगी, हात लावायला काय हरकत होती? पण जावई समोर उभा होता, आणि तिच्या अंगावर नव्या नवरीचं तेज होतं, आणि माझी सवय. मी पाट पुढे सरकवला. म्हटलं, "चढ बेटा." तिने चप्पल काढावी तसे आधी दोन्ही बूट फरशीवर झटकले, पदर नव्हता तरी हात पदराकडे गेला, आणि उजवा पाय पाटावर ठेवला. मी उजव्या भिंतीची फळी काढली. अंतर मोजलं, चकती फिरवली, चार स्क्रू समोरासमोरचे आवळले. इतकं नीट बाइंडिंग मी त्या हिवाळ्यात कुणाचंच बसवलं नव्हतं.

नवख्याला पहिला तासभर पुढचाच पाय बांधायचा असतो. मागचा मोकळा ठेवून त्याने बर्फ ढकलत सपाटीवर सरकायचं, मुलं एका पायाने घसरगाडी ढकलतात तसं. मी दारातून पाहत होतो. तिचा उजवा पाय फळीला, डावा मोकळा. ती हसत होती, दोनदा बसली, दोनदा उठली. नितीन मोबाईलवर फोटो काढत होता. मग सपाटी संपून जरा उतार लागला. फळी थोडी वेगाने निघाली, पूनम मागे झुकली, आणि फळी तिच्याभोवती फिरली. ती पडली एका बाजूला आणि बांधलेला पाय राहिला दुसऱ्या बाजूला.

मी धावलो. बर्फात मला धावता येत नाही, दोनदा पडलो. पोचलो तेव्हा ती रडत नव्हती. गुडघा धरून बसली होती. मला पाहून म्हणाली, "बाबा, माझी परीक्षा."

मी पट्टा सोडला. एका झटक्यात सुटला, काम नीट केलं होतं ना. नितीन तिला धरून बसला. आणि तिथे गुडघ्यांवर बसलेला मी, माझी नजर बर्फावर गेली. फळीची रेघ होती आणि तिच्या बाजूने मोकळ्या डाव्या पायाचे ठसे. मागून बर्फ ढकलणाऱ्या पायाची बोटं खोल रुततात. या प्रत्येक ठशात टाच खोल होती, पाय फळीच्या पुढे टाकल्यासारखी. तिचा डावा पाय सुरुवातीपासून पुढे यायला धडपडत होता, आणि मी दुसराच बांधला होता. त्या इंदूरच्या मुलीच्या फळीमागेही असेच ठसे असतील.

उजव्या गुडघ्यातली एक दोरी तुटली होती, दुसरी ताणली होती. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी कुणीही पडतं, यात कुणाची चूक नाही. चांगले होते. त्यांना ठसे दाखवायला मी कुठून आणणार?

परीक्षेच्या दिवशी पूनम घरी पलंगावर होती, पाय उशांवर. सकाळी तिच्याबरोबर पास झालेल्या दोन मुली भेटून गेल्या. तिने त्यांना पाणी बरोबर ठेवा, पहिल्या निम्म्यात घाई करू नका, वगैरे सगळं सांगितलं. त्या गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत जायची हिंमत झाली नाही.

मंगलाला मी सगळं सांगितलं. पाटाचं, भिंतीचं, ठशांचं. मला वाटलं ती मला बोलेल, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं. ती भाकऱ्या थापत होती, थांबली.

"ती पायानं डावीच हाय," ती म्हणाली. "पहिल्यापासून. रांगायची सुटली तवा उंबऱ्यात डावाच पाय टाके. टाकीजवळच्या शेवाळावर घसरे ना, तं डावा पाय पुढं करून दूरपर्यंत जाये. मी मांडीवर चापट मारे. उजवा टाक बाई, उजवा, लोकं हसतीन. पाटावर तं किती मारलं असन. मग शिकली."

"मले कधी सांगितलं नाही."

"हे काय सांगायचं असते?" ती म्हणाली. "आन् तुम्ही कुठं होते?"

ती रागाने बोलली नव्हती. तिच्या हातातलं पीठ वाळत होतं. मग म्हणाली, "मीच वळण लावलं तिले," आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं की तुझा काय दोष, उंबरा तो उंबरा, सगळ्याच आया शिकवतात. ते खरं होतं. पण धक्का द्यायचा तो देण्याऐवजी मी पाट ठेवला होता, आणि पाट काढ म्हणून मला सांगणाऱ्याचं मी ऐकलं नव्हतं. टाकीजवळचं शेवाळ आमच्याच अंगणात होतं. माझी मुलगी वर्षानुवर्षं तिथे घसरून तिचा पाय दाखवत होती, आणि त्या वेळी मी हजार मैलांवर परक्यांना विचारत होतो की तुमचा कोणता.

मी आणखी एक हिवाळा गेलो. दुकानात फरशीचा एक कोपरा ओला ठेवायचो आणि बायकांना मोज्यांवर घसरायला सांगायचो. हसत घसरायच्या. त्या वर्षी सगळ्या नवऱ्या मुली सीध्या निघाल्या. मग सोडलं. पाट परत आणला, तो माळ्यावर आहे.

पूनम आता खकनारकडे एका शाळेत अतिथी शिक्षिका आहे, म्हणजे हंगामी. खुर्चीच मिळाली शेवटी. बसने जाते. बस जंगलातून जाते तेव्हा ती खिडकीशी बसते, नितीन सांगत होता. माझ्याशी नीट बोलते, पूर्वीपेक्षा जास्त बोलते. चालताना पाय किंचित ओढते, पाहणाऱ्याला कळत नाही, मला कळतं.

मंगलाने इच्छापूरच्या देवीला नवस बोलला होता, पूनमला जंगलात नोकरी लागली तर ओटी भरीन. नोकरी लागली नाही. तरी गेल्या चैत्रात मंगला म्हणाली जाऊ, पोरगी काठीशिवाय चालते, तेही काही कमी नाही. आम्ही तिघं गेलो. वर टेकडीवर पायऱ्या खूप आहेत. दवाखान्यात पूनमला शिकवलं होतं की चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा त्याच्या शेजारी. चांगला म्हणजे डावा. तशी ती प्रत्येक पायरी चढली. डावा, मग उजवा. डावा, मग उजवा. मी मागून मोजत राहिलो आणि कितीवर चुकलो ते समजलं नाही.

वर देवीच्या उंबऱ्याशी ती थांबली. उंबरा उंच आहे. सवयीने तिचा उजवा पाय थोडा उचलला गेला आणि गुडघ्याने नाही म्हटलं, तो परत खाली आला. तिने आईकडे पाहिलं. मंगलाचा हात मला दिसला, तो तिच्या मांडीकडे निघाला होता, लहानपणी जायचा तसा. तो पाठीवर गेला.

"टाक बाई," मंगला म्हणाली.

पूनमने डावा पाय आत टाकला. मंगला तिच्या मागे आत गेली, आणि पन्नाशी गाठलेली माझी बायको, जिने जन्मात कधी चुकीचा पाय देवळात ठेवला नसेल, तिनेही डावाच टाकला.

मी बाहेर उभा राहिलो. मागे लोक थांबले होते. मला कोणता पाय टाकावा ते सुचेना. इतक्या लोकांचे पाय बांधले, माझा कोणता हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आतून पूनमचा आवाज आला. "बाबा, कोणताही टाका. या."

मी आत गेलो. कोणता पाय पडला ते पाहिलं नाही.